रील्सला समच नसते

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मुलांच्या मोबाइलच्या नादावरचा लेख वाचला. चांगलाय, पण वाचताना सारखं वाटत होतं की हे सगळं मुलांच्याच नावावर का, आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांचं काय? आमच्या हातातला फोन काढून घेणारं घरात कुणी नाही, म्हणून आमचं कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात राहते. इथल्या माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकले (१९१८ साली भातखंडे आणि माधवराव शिंद्यांनी सुरू केलेलं, तेच) आणि आता संध्याकाळी घरी पाच-सहा मुली शिकायला येतात. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी यमन म्हणत होती, मी समोर बसलेली, फोन मांडीवर, त्यावरच तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलेलं. वरती मेसेजची पट्टी आली म्हणून उघडली, त्यातून फॅमिली ग्रुपवर गेले, तिथे कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, एक व्हिडिओ आला तोही बघितला, आणि ती थांबल्यावर मी सवयीने म्हणाले, छान, अंतरा अजून जरा मोकळा घे. ती पोर हळूच म्हणाली, "ताई, अंतरा तो मैंने गाया ही नहीं." आणि मग म्हणाली, "तानपुरा भी बंद हो गया था." व्हिडिओ सुरू झाला तसा तानपुरा बंद पडलेला, मुलगी तेवढा वेळ आधाराशिवाय गात होती, आणि चाळीस वर्षं सुरात कान असलेल्या मला ते कळलंच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं ते उघडलं. दिवसाचे साडेचार तास तर होतेच पण त्याहून मला दुसरा आकडा लागला, फोन अनलॉक केला ११७ वेळा. त्या दिवशी कॉल आले होते चार. मग उरलेल्या वेळी मी कशासाठी उघडत होते? दोन दिवस स्वतःवर नुसती नजर ठेवली. कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे हात जातो. दाराची बेल वाजून दार उघडेपर्यंत जातो. वेळ बघायला उघडते आणि पंधरा मिनिटांनी ठेवते तेव्हा किती वाजले ते बघितलेलंच नसतं. खिशात नसतानाही फोन थरथरल्यासारखा वाटतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे घरात आले की मी स्क्रीन बंद करून उपडा ठेवत होते, म्हणजे लपवत होते. माझ्या मते खरी ओळख हीच, किती तास हे नंतर. हात आपण होऊन जातो का, कमी करायचं ठरवूनही जमत नाही का, आणि लपवावंसं वाटतं का.

लोक हल्ली सरसकट "मोबाइल अ‍ॅडिक्शन" म्हणतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात व्हिडिओ गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचा म्हणून वेगळा नाही. गेमिंगच्या बाबतीतसुद्धा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी तेच येणं आणि नुकसान होतंय हे दिसूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर चाललेलं असलं तरच डॉक्टर विकार म्हणतात. त्यामुळे कुणालाही उगाच आजारी ठरवू नये. पण झोप, काम, नातं यातलं काही खरंच मोडायला लागलं असेल तर मदत मागायला लाजूही नये. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २०१४ पासून याच कामासाठी शट नावाचं क्लिनिक आहे, आणि सरकारचा टेलिमानस हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर १४४१६ फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आता हे का होतं ते मला माझ्या गाण्यातूनच समजलं. ताल कितीही लांब असो, विलंबित म्हणजे अगदी संथ एकताल घ्या, शेवटी सम येते, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे एक आवर्तन पूर्ण होतं. समेवर आलं की श्वास घेता येतो, थांबायचं तर थांबता येतं, ऐकणारासुद्धा तिथे मान डोलावतो. पूर्वी इंटरनेटवर पानाच्या खाली "पुढचं पान" असं यायचं, ती एक प्रकारची समच होती, तिथे माणूस क्षणभर ठरवायचा पुढे जायचं की नाही. २००६ च्या सुमारास एझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने खाली सरकवत राहिलं की आपोआप पुढचं येत राहील अशी सोय केली, पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल खंत बोलून दाखवली. रील्सला समच नसते. आवर्तन पूर्णच होत नाही, मग थांबणार कुठे? त्यात भर म्हणजे दर वेळी चांगलं काही मिळत नाही, कधीतरीच मिळतं. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलंय की दाणा केव्हा मिळेल हे नक्की नसलं की चोच मारत राहायची सवय जास्त चिवट होते. म्हणून ज्यांना सुटत नाही त्यांना मनाने कमजोर म्हणू नका, कृपा करून. ती वस्तू बनवलीच तशी आहे.

मी काय केलं ते सांगते. आधी अ‍ॅप काढून टाकली, तिसऱ्या दिवशी परत घातली. टाइमर लावला, तो संपला की सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच वाढवायची. नुसत्या निश्चयाने काही होत नाही हे कळायला महिना गेला. मग लक्षात आलं की फोन बाजूला ठेवता येत नाही कारण घरातली सगळी कामं आपण त्यालाच देऊन बसलोय. अलार्म तो, घड्याळ तो, तानपुरा तो, कॅल्क्युलेटर, किराण्याची यादी, बंदिशींची वही, सगळं तो. कुठल्याही एका कामाला हात लावला की बाकीचं सगळं त्याच्याबरोबर येतं. तर एकेक काम त्याच्याकडून काढून घेतलं. महाराज बाड्याजवळच्या दुकानातून गजराचं घड्याळ आणलं, चावीचं नाही, सेलचं. माळ्यावरचा जुना इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा काढला, पुसला, काळी चारच्या सुरात लावला. बंदिशी परत वहीत उतरवतेय, हात दुखतो पण लिहिताना त्या पाठ होतायत. यादी फ्रिजवर. चार्जर झोपायच्या खोलीतून उचलून बाहेर इन्व्हर्टरच्या वर ठेवला, आणि मला विचाराल तर या सगळ्यात हाच एक बदल सर्वात जास्त कामी आला, कारण रात्री उठून तिथपर्यंत जायचं म्हणजे माणूस मधे जागा होतो आणि कळतं की आपण काय करतोय. नोटिफिकेशन कॉल आणि बँकेचे ओटीपी सोडून सगळी बंद. यूपीआय, मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल, हे फोनवरच आहे आणि राहणार, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पहिले आठ-दहा दिवस फार चिडचिड झाली, उगाच ह्यांच्यावर ओरडले. दिवाळीत पाहुणे गेल्यावर घर रिकामं झालं तेव्हा परत दोन-तीन रात्री दीड-दीड वाजेपर्यंत बघत बसले. म्हणजे नेमकं एकटं वाटतं तेव्हा हात जातो, हेही त्यातूनच कळलं, आता त्या वेळेला मी जावेला सरळ कॉल करते. परवा बघितलं तर अनलॉक ४१ होते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल तुमच्या वाचकांना माहीत असेल, २०२२ मध्ये तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली, मोठ्यांचेसुद्धा. मला त्यात आवडलं ते हे की भोंगा सगळ्यांसाठी, पोरांसाठी वेगळा नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळींमध्ये मी हा विषय काढलाय, चार घरं तयार आहेत, साडेसात ते साडेआठ ठरलंय.

एक विनंती तुम्हालाही आहे. तुमचा पेपर इथे छापील मिळत नाही, मी तुमच्या अ‍ॅपवर वाचते. त्या अ‍ॅपवरून दिवसातून पंधरा-वीस नोटिफिकेशन यायची, रात्री साडेअकराला "ब्रेकिंग" म्हणून सिनेमातल्या कुणाच्या तरी लग्नाची बातमी. मी ती बंद केली, पण माझ्या सासूबाईंसारख्या ज्यांना सेटिंग कळत नाही त्या दचकून उठतात हो. सकाळी एकदा अंक आला की एक सूचना पाठवा, बास, आम्ही आपण होऊन उघडू. पूर-भूकंप असेल तर गोष्ट वेगळी. एवढं कराल का ते कळवा, पत्र छापलं नाही तरी चालेल.

आपली एक वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर