मुलगे कुणाशी बोलणार?

महोदय,
खरगोन, धारच्या खेड्यांतली कोवळी मुलं शिकायला इंदूरला येतात, भंवरकुआं भागात खोली घेऊन राहतात. घरच्या फोनवर अभ्यास आणि मार्क, एवढाच विषय. मन खचलं तर सांगायचं कुणाला? 'मुलगा असून रडतोस?' हे आपणच त्यांना लहानपणापासून ऐकवलेलं! राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून गावात समवयस्क 'साथिया' निवडण्याची सोय आहे, मुलगेसुद्धा. तशी सोबत इथल्या वसतिगृहांतही हवी. मुलगा बोललाच तर आधी मित्राशी बोलतो. त्या मित्राला नीट ऐकून घ्यायला, आणि प्रकरण गंभीर वाटलं तर गुपित न ठेवता मोठ्यांना सांगायला शिकवा. आपल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवातली एक संध्याकाळ यासाठी द्यावी. घरमालकांनी 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक जिन्यात लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रामबाग, इंदूर