मुरारच्या काकांना, रेडिएटरच्या निमित्तानं

लष्कर, ग्वाल्हेर

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही आभार ऐकून घेत नाही. माझ्या गाडीचा रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणारी जाळी) बदलला त्या रविवारी तुमच्या अंगणात मी दोनदा बोलायला गेले आणि दोन्ही वेळा तुम्ही "आधी खालचा होस, ती रबरी नळी, चाचपून बघ, ओल लागते का" म्हणून मला परत गाडीकडे पाठवलंत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही. शिवाय आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, ठाठीपूर या भागांत उन्हाळ्यात ज्यांच्या गाडीची तापमानाची सुई वर चढते, त्यांच्याही हे कामी येईल.

मे महिना होता. दतियाला पीतांबरा माईचं दर्शन घेऊन आम्ही परतत होतो. मागे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय 78, आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला माझा मुलगा. बाहेर लू सुटलेली. वाटेत डबरा गावाला ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि दहा मिनिटांत सुई लाल रेघेला टेकली. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी कशीबशी कडेला घेतली. चार माणसं जमली. त्यातल्या एका भल्या माणसानं हाताला फडकं गुंडाळलं आणि तो रेडिएटरचं झाकण फिरवणार, तेवढ्यात रस्त्यापलीकडून तुमचा आवाज आला, "हाथ मत लगाना!"

त्या ओरडण्याचं मोल मला नंतर समजलं. झाकण घट्ट असतं तोवर आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सुटलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं. माझा मुलगा तोवर उठून बंपरला टेकून उभा होता, झाकणापासून हातभर अंतरावर. रात्री घरी हे आठवलं आणि मला झोप लागली नाही.

आई घाबरून "अगं बाई, आता कसं गं?" म्हणाल्या आणि तुम्ही वळून विचारलंत, "मराठी का? लष्करच्या?" मग तुम्ही आम्हाला कडुनिंबाखाली बसवलंत. काकूंनी थर्मासमधलं पन्हं आईंना दिलं. इंजिन निवेपर्यंत पाऊण तास तुम्ही गाडीला कुणाला हात लावू दिला नाही, आणि गार पाणी वरून ओतायचं नाही हेही बजावलंत. तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, एकदम गार पाणी पडलं तर ते वाकू शकतं, तडकू शकतं.

त्या पाऊण तासात तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. "सुई कधी चढते? गाडी पळत असताना की उभी असताना?" दोन महिने मी गॅरेजच्या चकरा मारत होते. तिथे एकदा कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) बदललं, एकदा झाकण बदललं, शेवटी थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला आणि "ग्वाल्हेरच्या गर्मीत याची गरजच नाही" असं सांगितलं. हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला उत्तर माहीत होतं, कारण रोज मीच गाडी चालवते. महाराज बाड्यावरच्या बाजाराच्या गर्दीत सुई चढायची, झाशी रोडला लागलं की उतरायची. तुम्ही म्हणालात, "मग पंखा बघ." गाडी पळते तेव्हा समोरून येणारी हवाच रेडिएटर गार करते. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याचं. तुम्ही स्टार्टर मारायला लावलात, एसी लावायला सांगितलात, कारण एसी लावला की पंखा फिरायला हवा, आणि बोट दाखवलंत. पंख्याची पाती जागची हलली नाहीत.

रेडिएटरही गळत होता. अॅल्युमिनियमची जाळी आणि वरची प्लास्टिकची टाकी जिथे जोडलेली असते, त्या शिवणीवर पांढरट हिरवा थर साचला होता. "हे आजचं नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. मग हँडपंपाच्या पाण्यानं दोन कॅन भरून घेतलेत, आईंना आणि मुलाला तुमच्या गाडीत बसवलंत आणि मला सांगितलंत, "हीटर पूर्ण गरम कर, पंखा जोरात, काचा खाली. सत्तरच्या पुढे जायचं नाही आणि थांबायचं नाही. सुई अर्ध्याच्या वर गेली की हॉर्न दे." बाहेर 45 अंश आणि गाडीत हीटर! पण हीटर म्हणजे आत बसवलेला एक छोटा रेडिएटरच. इंजिनची जेवढी उष्णता माझ्या पायांवर आली तेवढी इंजिनातून कमी झाली. तुमच्या गाडीचे मागचे दिवे बघत मी घरापर्यंत आले. वाटेत एकदा पेट्रोल पंपावर थांबून तुम्ही पाण्याची पातळी तपासलीत. आईंना दारात उतरवून, जिना चढेपर्यंत त्यांचा हात धरून तुम्ही गेलात, हे त्या अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मला वाटलं होतं, आता तुम्ही कुणाचा तरी पत्ता द्याल. तुम्ही म्हणालात, "रविवारी सकाळी सहाला ये. ऊन चढायच्या आत उरकू." आदल्या दिवशी ट्रान्सपोर्ट नगरला माझ्याबरोबर आलात. जुन्या रेडिएटरची मापं तुम्ही सुतळीला गाठी मारून नेली होती. नवा घेताना होसच्या तोंडांची जाडी आणि खालच्या खुंट्या जुळतात का, हे दुकानातच पाहिलंत. पंखा मोटरसकट घेतला, कारण जुन्या मोटरला बॅटरीवरून सरळ 12 व्होल्ट देऊनही ती घुमली नव्हती. फ्यूज आणि रिले (पंख्याला वीज चालू-बंद करणारं बटणवजा यंत्र) तुम्ही आधीच तपासले होते. दोन्ही चांगले निघाले, म्हणून त्यांचे पैसे वाचले.

आणि मग रविवारी पाना तुम्ही माझ्या हातात दिलात. हे मी कधी विसरणार नाही. माझ्या माहेरी, सासरी, कुठेही, गाडीच्या पोटात बाईनं हात घालायचा असतो असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तुम्ही स्टूल घेऊन बाजूला बसलात आणि तीन तासांत एकदाही पाना काढून घेतला नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडव. खाली परात लाव, कूलंट जमिनीवर सांडू नकोस, गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री चाटतात. होस अडकला तर पेचकसानं उचकटू नकोस, पिळून मोकळा कर. समोरच्या एसीच्या जाळीच्या नळ्यांना हात लावू नकोस, आत दाबातला गॅस आहे, तिला सुतळीनं बांधून ठेव. जुना रेडिएटर वर उचलला तेव्हा तो मला वाटला होता त्याहून जड होता. तुम्ही तो उलटा करून आत भरलेला चुन्याचा थर दाखवलात. इतकी वर्षं मी नळाचं पाणी टाकत आले होते. तो थर मीच साठवला होता. तुम्ही रागावला नाहीत. "आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं निम्मं," एवढंच.

जुन्याचे रबरी बुश काढून नव्याच्या खुंट्यांवर चढवायचे राहिले असते, तर नवा रेडिएटर लोखंडावर थरथरत बसला असता. तेही तुम्ही आठवण करून न देता, नुसतं बुशांकडे बघत राहून माझ्या लक्षात आणून दिलंत.

पंख्याच्या तारा जोडताना माझी चूक झाली. नव्या मोटरचं कनेक्टर वेगळं होतं, तारा कापून जोडाव्या लागल्या आणि मी त्या उलट्या जोडल्या. पंखा छान फिरायला लागला. मला आनंद झाला. तुम्ही खिशातून रुमाल काढलात आणि समोरच्या जाळीपुढे धरलात. रुमाल जाळीला चिकटायला हवा होता, तो उलट बाहेर उडत होता. पंखा हवा आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलत होता. गाडी पळाली असती तर समोरून येणारी हवा आणि पंखा एकमेकांविरुद्ध लढले असते, आणि मी पुन्हा कुठल्या तरी जाममध्ये उभी असते. तारा बदलल्या. रुमाल फटकन जाळीला चिकटला, आणि काका, तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा हसलात.

पाणी भरण्यातच अर्धा तास गेला. हीटर गरमवर, झाकण उघडं, इंजिन गार असल्यापासूनच संथ चालू. बुडबुडे येत राहिले, मी वरचा होस दाबत राहिले, पातळी उतरली की थोडं थोडं भरत राहिले. बुडबुडे थांबले, पंखा आपोआप लागला, थोड्या वेळानं बंद झाला. मग इंजिन निवू दिलं, झाकण लावलं. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा फेस नाही, म्हणजे तेलात पाणी मिसळलेलं नाही, हे पाहून तुम्ही म्हणालात, "हेड वाचलं." थर्मोस्टॅटही नवा बसवून घेतलात, कारण आपल्याकडे जानेवारीत पहाटे चार-पाच अंशांवर गाडी काढावी लागते आणि त्याच्याशिवाय इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं.

मजुरी तुम्ही घेतली नाही. काकूंनी उलट मलाच पोहे खायला घातले.

परवा आम्ही पुन्हा दतियाला जाऊन आलो. डबऱ्याला तसाच जाम होता. मी एसी बंद केला, काच खाली केली आणि थांबले. सुई मध्यावर आली, समोरून घर्रर्र आवाज झाला. मागून आई म्हणाल्या, "लागला गं."

तुमचा 10 नंबरचा पाना माझ्या डिकीत राहिला आहे. रविवारी सकाळी घेऊन येते. आईंनी काकूंसाठी कैरीचं लोणचं घातलंय, बरणी माझ्याबरोबर असेल.

तुमची,
दाणाओळीतली सूनबाई