कळपाबाहेरचा शब्द

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली झालीस आणि मला आधी हसूच आलं, त्याचा राग सोड. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने तक्त्यात एक तारीख चुकवली, तू साहेबांना पाठवलेल्या ईमेलमध्ये त्याला 'इग्रीजस एरर' लिहिलंस, आणि आता तो तुझ्याशी बोलत नाही. कसा बोलेल? अगं, त्या शब्दाचा अर्थ नुसता 'मोठी' नव्हे. ढळढळीत, डोळ्यांत खुपणारी, जिला सबबच नाही अशी चूक. मानवी हक्कांची पायमल्ली, अधिकाराचा उघड गैरवापर, असल्या गोष्टींना तो लावतात. तारखेला 'मिस्टेक' पुरे होतं. उद्या डोकेदुखीलाही लावशील, म्हणून सांगते: नाही चालत.

शब्द मात्र मोठा गमतीचा. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्या कळपातून उठून दिसणारा तो 'एग्रेगियस', म्हणजे चक्क नामांकित, असामान्य! १६व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा हा चांगला अर्थही सोबत होता. मग लोक बहुधा टोमण्याने वापरू लागले, आणि टोमणाच अर्थ होऊन बसला. इटालियनमध्ये अजून पत्राच्या मायन्यात 'एग्रेजो' आदराने लिहितात. तू कचरा ओला-सुका 'सेग्रिगेट' करतेस ना, त्यातही तोच कळप आहे. माणसांत रमणाऱ्याला 'ग्रिगेरियस' म्हणतात, त्यातही.

आपल्याकडे नाही का 'महाभाग'? संस्कृतात थोर, भाग्यवान. मराठीत "कोण हा महाभाग?" म्हटलं की समोरच्याने काहीतरी दिवे लावलेले असतात. उलट 'साहस'. धर्मशास्त्रात तो दांडगाईचा गुन्हा, आणि आपण त्याचे पुरस्कार देतो. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण वर्गात सांगायला मला हे असलंच जास्त आवडायचं. पोर्शन मागे पडायचा.

उच्चार 'इग्रीजस' असाच कर, 'इग्रेजियस' नको. आणि त्या मुलाला ईमेल पाठवू नकोस, चहाला ने.

इकडे सगळं ठीक. आपले महाभाग सकाळी दूध गॅसवर ठेवून फिरायला गेले. माझ्या आईचं पितळी पातेलं, तळापर्यंत कोळसा. इथे तुझा शब्द बिनधास्त वापर, माझी हरकत नाही.

तुझी,
आई