विशाळगडाचे कंदीलपुष्प

महोदय,

विशाळगडावरील कंदीलपुष्पाच्या नव्या प्रजातीला शिवरायांचे नाव मिळाले: ‘सेरोपेजिया शिवरायियाना’. २०२५ मध्ये ती जगापुढे आणणाऱ्यांत आमच्या कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे अभ्यासक आहेत, हे वाचून ऊर भरून आला. तास, पेपर तपासणी, नॅकची (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाची) कागदपत्रे सांभाळून गडकपारी धुंडाळायच्या, ही सोपी गोष्ट नव्हे.

मी वनस्पतिशास्त्र शिकत होतो तेव्हा प्रयोगशाळेतले मामा रोज सकाळी वाळवायला ठेवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांखालचे दमट वर्तमानपत्र काढून कोरडे घालत. एक पाकळी दुमडू देत नसत. त्यांचे नाव मात्र कधी कुठे छापून आले नाही. महाविद्यालयांतील यशाच्या बातम्या ठळक द्याव्यात आणि त्यात प्राध्यापकांबरोबर या कर्मचाऱ्यांचीही नावे घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर