सर्वेक्षणाचे निष्कर्ष मराठीत समजावून सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील बालविवाहाचे आकडे वर्तमानपत्रांत आणि सभांमध्ये वारंवार दिले जातात, पण त्यांचा अर्थ उलगडून सांगणारे मराठी लेखन क्वचितच वाचायला मिळते. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते, असे हे सर्वेक्षण सांगते. मात्र राज्यातील पाहणी २०१९ मधली, म्हणजे कोविडपूर्वीची आहे. त्या वेळी २४ वर्षांच्या असलेल्या स्त्रीचे अल्पवयातील लग्न २०१३ च्या सुमारास किंवा त्याआधीच लागलेले असणार. टाळेबंदीत उरकलेल्या लग्नांचा या आकड्यात मागमूसही असू शकत नाही. तरीही बालविवाह वाढले म्हणणारे आणि घटले म्हणणारे, दोघेही आजच्या स्थितीसाठी त्याचाच दाखला देतात.

हा खुलासा कुणी करायचा? माझ्या मते तो समाजशास्त्रज्ञांनीच करायला हवा. मी बीड जिल्ह्यात शिक्षिका होते. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला निघाले की नववी-दहावीच्या वर्गातील काही मुली दिसेनाशा होत; त्यांची लग्ने लागलेली असत. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. शिवाय वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे, ही आईची धास्ती खरी असते. अभ्यासकांनी या कारणांची मांडणी केलेली आहे, पण ती बहुतांशी इंग्रजी नियतकालिकांत राहते आणि गावात फक्त ‘लोक अडाणी आहेत’ एवढाच निष्कर्ष पोहोचतो. ज्या बायांनी कामाचा खोळंबा करून, परक्या माणसासमोर लग्नाचे वय, बाळंतपणे, नवऱ्याची मारहाण अशा प्रश्नांची उत्तरे दिली, त्यांना त्या उत्तरांतून काय निघाले हे कळण्याचा हक्क आहे.

मराठीत हे अशक्य नाही. इरावती कर्वे यांनी मानववंशशास्त्रातील आपले काम सांभाळून सामान्य वाचकासाठी सकस मराठी लिहिले आणि त्याने त्यांच्या विद्वत्तेला उणेपणा आला नाही. आज अध्यापकाच्या पदोन्नतीत शोधनिबंध मोजले जातात, वर्तमानपत्रातील लेखाला मात्र जवळपास काहीच मोल नसते. तरुण संशोधकांनी मग कोणत्या बळावर वेळ काढायचा? विद्यापीठ अनुदान आयोगाने हा नियम बदलावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. सर्वेक्षणाची जिल्हावार माहितीपत्रके प्रसिद्ध होतात. पुढच्या वेळी आकड्याचा नुसता मथळा न करता, तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या वयोगटाचा आणि कशावरून काढलेला हे त्या विषयाच्या अभ्यासकाकडून लिहवून घेऊन बातमीशेजारीच छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जि. बीड