आर्णी रोडवरच्या मिस्त्रीभाऊंना जाहीर आभार

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

तुम्ही दुरुस्त करून दिलेल्या गाडीतून आईला माहूरला रेणुकामातेचं दर्शन घडवून आणलं. गडाच्या वळणांवर ती मागच्या सीटवर पाय पसरून बसली होती, एकदाही "हळू चालव रे" म्हणाली नाही. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "राहू द्या ना जी" म्हणत परत गाडीखाली शिरले असते, म्हणून चारचौघांत लिहितो.

आमची गाडी सरळ रस्त्यावर गुणाची, वळण आलं की एका अंगावर कलायची. एका मोठ्या वर्कशॉपनं दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले होते. तुम्ही खाली टॉर्च मारला अन् म्हणाले, "शॉकअप काय करतीन, भाऊ? दांडीच तुटली ना!" दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी ही दांडी, म्हणजे स्टॅबिलायझर बार, लिंकजवळ (बार चाकाकडच्या भागाला जोडणारी छोटी कांडी) गंजून तुटला होता. वळणावर एक चाक दबलं अन् दुसरं सुटलं की ही दांडी पिळते आणि गाडीला कलू देत नाही. दोन्ही चाकं सारखीच उचलली तर बुशात, म्हणजे तिला धरणाऱ्या रबरी कड्यात, नुसती फिरते. सरळ रस्त्यावर काही जाणवत नव्हतं ते म्हणूनच.

मी जाड बार टाकायचं म्हणत होतो, तुम्ही साफ नाही म्हणाले. २० मिमीच्या जागी २२ मिमीचा टाकला तर कडकपणा जवळपास ४६ टक्क्यांनी वाढतो, हा हिशोब मी घरी जाऊन मांडला. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् रस्ता एका बाजूनं खचतो. तिथं कडक बार एका चाकाचा दणका दुसऱ्याला देतो, शिवाय वळणात पुढची पकड जाते.

तुमचं काम पाहायला मजा आली. क्रॉस मेंबर (गाडीखालची आडवी चौकट) खाली घेण्याआधी बोल्टांभोवती खडूनं खुणा केल्या. पुढची दोन्ही बाजू एकदमच घोडीवर (लोखंडी टेकूवर) घेतली, नाही तर बार पिळलेला राहतो अन् लिंक निघता निघत नाही. तुमच्या हाताखालच्या पोरानं बुशाला साधं ग्रीस लावायला बोट बुडवलं, तर तुम्ही त्याचा हातच धरला : "रबर फुगते त्यानं!" लिंकचा नट फिरवला की आतली पिनही फिरत होती, तिला ॲलन की लावून धरलं. सगळं बसलं तरी बुशाचे क्लॅम्प ढिलेच ठेवले. "गाडी आंधी आपल्या पायावर उभी राहू द्या, मंग आवळू." घाईत हे कोण करतं? बुशाला उगाच पीळ बसू नये म्हणून केलेली ही खटपट बिलात कुठं दिसत नाही.

काही दिवस चालवून नट परत तपासू म्हणाले होते. कापसाची गाडी जिनिंगला खाली झाली की येतो. मामांची गाडीही वळणावर खडखडते म्हणतात, तीही सोबत आणतो.

तुमचाच,
दारव्ह्याकडचा एक शेतकरी