ताई, तुझ्यामुळे पिकचा संच घरी आला

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला लागले की तू विषय बदलतेस, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय परदेशातून पहिला लॉकपिकिंगचा, म्हणजे किल्लीऐवजी पिक नावाच्या बारीक हत्यारांनी कुलूप उघडण्याचा, संच मागवू पाहणारी मी काही एकटी नाही. कुठला घ्यावा, कस्टममध्ये अडकेल का, पोलीस काही म्हणतील का, हे सगळं आता लोक मला विचारतात. मी त्यांना जे सांगते ते तुझ्याकडून शिकलेलं आहे, हे चारचौघांत सांगायलाच हवं.

ज्यांना ताई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. ताई म्हणजे माझ्या वर्गमैत्रिणीची थोरली बहीण. मूळची आमच्या कराडची, आता हॅम्बुर्गला असते. या छंदात हॅम्बुर्गचं नाव मोठं आहे. जर्मनीतली या छंदाची संघटना 1997 मध्ये तिथेच सुरू झाली. ताई नोकरी सांभाळून हा छंद करते. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालतो त्याचा, धडा फळ्यावर कितीही घोटला तरी मुलांच्या डोक्यात उतरत नाही, तो हातात कुलूप देऊन शिकवावा असं बरेच दिवस मनात होतं. म्हणून ताईला मेसेज केला, "एखादा चांगला संच सुचव."

ताई, तू संच सुचवलाच नाहीस. "घरात आणि वर्कशॉपमध्ये कुठली कुलपं आहेत त्यांचे फोटो पाठव," एवढंच म्हणालीस. त्या एका वाक्याने माझे पैसे वाचले. मी पाठवलेल्या फोटोंत बहुतेक कुलपं लिव्हरची होती: अलीगढची पितळी, गोदरेजची नवताल, आजोबांच्या पेटीचं जाडजूड लोखंडी. परदेशी दुकानांत पहिला संच म्हणून जे विकलं जातं ते पिन टम्बलर, म्हणजे आत स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या पिना असलेल्या, कुलपांसाठी असतं. लिव्हरच्या कुलपात पिना नसतातच. आत एकावर एक चपट्या पट्ट्या असतात आणि त्यांची हत्यारं वेगळी. संच आधी आला असता तर आपल्याकडच्या निम्म्याअधिक कुलपांपुढे तो नुसता पडून राहिला असता. तू म्हणालीस, नव्या फ्लॅटच्या दाराला बसवतात तसला सुटा युरो सिलिंडर, म्हणजे किल्ली घालतो तो पिनांचा भाग, हार्डवेअरच्या दुकानातून आण, दाराला लावू नकोस, आणि आधी त्याचा कीवे, म्हणजे किल्ली जाते ती फट, मोज.

मोजायचं कशाने, हे मला सांगावं लागलं नाही. फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप, रोज हातात असतो. एकेक पातं कीवेत सरकवून बघितलं आणि तुझं म्हणणं पटलं. युरो सिलिंडरचा कीवे नागमोडी, त्यात सरळ जागा फारच थोडी. 0.6 मिलिमीटरच्या आसपास जाडीची पिक अमेरिकन धाटणीच्या रुंद कीवेत आरामात फिरते, इथे ती भिंतींना घासते. इथे 0.4 ते 0.5 मिलिमीटरची हवी. दुकानांच्या पानांवर वीस-पंचवीस नगांचे संच चामडी पाकिटात मांडून ठेवलेले असतात, त्यातले निम्मे नुसते वेगवेगळ्या आकाराचे रेक, म्हणजे दातेरी टोकाच्या पिक. तुझी यादी छोटी होती: दोन हूक, म्हणजे टोक वळलेल्या पिक, एक कमी उंचीचा आणि एक मध्यम, एक रेक, आणि टेन्शनर, म्हणजे किल्लीसारखा हलका पीळ देणाऱ्या पट्ट्या, मात्र तीन-चार, त्यात कीवेच्या वरच्या तोंडाशी बसणारे चपटे नक्की. टेन्शनरकडे नवखी माणसं लक्ष देत नाहीत आणि खरं काम त्याचंच असतं, असं तू लिहिलं होतंस. आता शिकवताना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

कोणाकडून घ्यावं यावरही तू स्वतःची आवड लादली नाहीस. जर्मनीतल्या बॉनची मल्टिपिक, कॅनडाची स्पॅरोज, अमेरिकेची साउथऑर्ड, तिघांबद्दल दोन-दोन ओळी लिहिल्यास आणि निवड माझ्यावर सोडलीस. मी जर्मनीतून मागवला, कारण युरो सिलिंडरला बसणारी बारीक पिक तिथे सहज मिळते.

मागवण्याच्या बाबतीत तू फार स्पष्ट होतीस आणि तेच मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं. पार्सलवर 'भेटवस्तू' लिहा किंवा किंमत कमी दाखवा असं दुकानदाराला चुकूनही सांगायचं नाही. बिल खऱ्या किमतीचं हवं आणि वर्णनात कुलपाच्या सरावाची हत्यारं आहेत हे सरळ लिहिलेलं हवं. खोटं वर्णन लिहिलेली वस्तू कस्टमने उघडली की प्रामाणिक छंदसुद्धा संशयास्पद दिसतो. आधार आणि पॅनच्या प्रती हाताशी ठेवायला सांगितल्यास, कारण कुरियरने माल आला की केवायसी मागतात. मी टपालाचा रस्ता धरला. ट्रॅकिंगचा क्रमांक कसा वाचायचा तेही तूच शिकवलंस: दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं, आणि तोच क्रमांक आपल्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही चालतो. पार्सल मुंबईत कस्टमपाशी थांबलं आणि पुढे हलेना, तेव्हा माझा धीर सुटत होता. "बिल खरं आहे ना? मग थांब," एवढाच तुझा मेसेज आला. शेवटी पोस्टमनकाका दारात आले, ड्युटीची पावती दिली, पैसे घेतले, पार्सल दिलं. कोणी एक प्रश्न विचारला नाही.

कायद्याचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, तू सांगितलंस. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 यातलं कलम 122 वाचायला लावलंस. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण होतं हे त्या माणसालाच सिद्ध करावं लागतं. हे वाचून मी घाबरेन असं तुला वाटलं नसावं, आणि मी घाबरलेही नाही. प्राचार्यांना भेटले, संच दाखवला, त्यांच्याकडून शिकवण्यासाठी वापरतेय असं पत्र घेतलं. संच वर्कशॉपच्या कपाटात असतो, पर्समध्ये नाही. छंदातले दोन नियम मोठ्या अक्षरांत कपाटावर लावलेत: जे कुलूप आपलं नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय हाताळायचं नाही, आणि वापरात असलेल्या कुलपावर सराव करायचा नाही. दुसरा नियम मुलांना आधी कळत नाही. सिलिंडरमध्ये पिकचा तुकडा मोडून अडकला तर माणूस स्वतःच्याच घराबाहेर राहतो, असं सांगितलं की कळतं.

आता त्या रविवारच्या व्हिडिओ कॉलबद्दल. तुझ्याकडे सकाळ, माझ्याकडे दुपार. पाच पिनांचा सिलिंडर पहिल्याच दिवशी घेऊ नकोस म्हणालीस. तो खोल, तीन पिना काढ, दोनच ठेव. खोलायला प्लग फॉलोअर लागतो, म्हणजे प्लग (किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग) काढताना त्याची जागा घेणारा रॉड. तो विकत घेण्याऐवजी मी लेथवर प्लगच्याच व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड काढला. मागची सर्कलिप काढली, किल्ली घालून प्लग थोडा फिरवला, आणि प्लग पुढे सरकेल तसा रॉड मागून आत ढकलला, म्हणजे वरच्या स्प्रिंगा उडत नाहीत. मग टेन्शनर आणि हूक. मी टेन्शनर दाबत होते आणि काहीच होत नव्हतं. तू म्हणालीस, "सीताफळ पिकलंय का बघताना बोट जेवढं टेकवतेस, तेवढाच जोर." हात हलका केल्याबरोबर मागची पिन घट्ट लागली आणि पुढची नुसती स्प्रिंगवर वरखाली होत राहिली. घट्ट लागलेली हळूच उचलली, बारीक टिक झालं, प्लग केसभर फिरला. मग दुसरी घट्ट झाली, ती उचलली, आणि प्लग पूर्ण वळला.

माझ्यासाठी सगळा धडा त्या केसभर फिरण्यात होता. प्लगमधली भोकं कागदावर एका रेषेत असतात, प्रत्यक्षात ड्रिल थोडं इकडेतिकडे जातंच. सगळी भोकं तंतोतंत ओळीत असती तर सगळ्या पिना एकदम अडकल्या असत्या आणि एकेक करून उचलता आली नसती. कारखान्यातल्या त्या इवल्याशा फरकावर हा छंद उभा आहे. ज्या मुलांना मायक्रॉन म्हणजे काय हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, ती आता हुकाच्या टोकाशी त्याला हात लावून बघतात. आमच्या बॅचमधल्या एका मुलीने तर तीन पिनांच्या सिलिंडरवर पिना घट्ट लागण्याचा क्रम वहीत लिहून काढला, मग पिना अदलाबदल करून तो बदलतो का ते तपासलं. क्रम भोकांवर अवलंबून होता, पिनांवर नाही. हे मी सांगितलं नव्हतं, तिचं तिने शोधलं.

पालकांपैकी काहींनी विचारलं, हे मुलांना कशाला शिकवता. तेव्हा मला तू सांगितलेली हॉब्सची गोष्ट कामी आली. 1851 मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन माणसाने चब्ब या इंग्लिश कंपनीचं अभेद्य म्हणवलं जाणारं कुलूप साक्षीदारांसमक्ष उघडलं, आणि मग ब्रामा कंपनीचं, ज्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. कुलूप बनवणाऱ्यांना आपल्या रचना पुन्हा तपासाव्या लागल्या. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपं बनवायला घेतली हेही मी जोडून सांगते, कारण आपल्याकडच्या मुलांना कुलूप उघडणाऱ्याइतकाच ते घडवणाराही दिसायला हवा.

हे सगळं तू नोकरीतून वेळ काढून, माझ्या बारीकसारीक शंकांना कधी न कंटाळता केलंस. मनापासून आभार, ताई. स्पूल पिनवर, म्हणजे मधे बारीक असलेल्या रिळासारख्या पिनवर, मी सध्या अडलेय. प्लग अर्धवट फिरतो आणि उघडल्यासारखा वाटून तिथेच थांबतो, त्याबद्दल सविस्तर वेगळं लिहीन. तुला हवं असलेलं अलीगढचं जुनं पितळी कुलूप तुझ्या आईकडे पोहोचवलंय, ती दिवाळीनंतर येताना आणेल. किल्ली वेगळ्या पाकिटात आहे.

तुझी,
कराडची धाकटी